पेपर चालवायचा आणि नगरपालिकेतही बसायचं, जमतं का? दोन्ही केलंय, म्हणून सविस्तर लिहितो

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की काकांचं जुनं साप्ताहिक आहे, ते आता थकलेत, तुम्ही चालवायला घ्यायचं म्हणताय, आणि पुढच्या वेळी नगरपालिकेला उभं राहायचाही विचार आहे. तर पेपरवाल्याने नगरसेवक व्हावं का, दोन्ही एकत्र झेपतं का, आणि मुळात पेपरवर घर चालतं का.

घर चालतं, पण तुम्हाला वाटतं त्या गोष्टींवर नाही. दोन्ही झेपतंही. पण त्यात एक गोष्ट हातची जाते, आणि ती गेल्यावरच कळते की ती होती. ती मला कशी कळली ते सांगायचं तर जरा मागून सुरुवात करावी लागेल, लांबण लागलं तर सांभाळून घ्या.

आमचं गाव धुळे-अमळनेर पट्ट्यातलं, नाव मुद्दाम लिहीत नाही, ओळखणारे ओळखतीलच. वडिलांचा पायाने चालवायचा ट्रेडल प्रेस होता, लग्नपत्रिका, पावती पुस्तकं, जिनिंगवाल्यांची बिलं, आणि आठवड्यातून एकदा चार पानांचा पेपर. मी १९७९ला कॉलेज अर्धवट सोडून त्यात बसलो. १९८८ला साप्ताहिकाचं दैनिक केलं (घरातल्यांनी वेड्यात काढलं होतं, चूक नव्हते ते). १९९१ आणि १९९६ अशा दोन टर्म नगरसेवक, त्यात काही काळ उपनगराध्यक्ष. २००१ला थेट जनतेतून नगराध्यक्ष निवडायचं ठरलं, मी उभा राहिलो आणि पडलो. आता पेपर पुतण्या बघतो, मी सकाळी जाऊन चहा पितो आणि चुका काढतो.

खिळ्यांचा, म्हणजे धातूच्या सुट्या अक्षरांचा जमाना तुम्ही पाहिला नसेल. लाकडी केसमध्ये बारीक बारीक खण, प्रत्येकात एकेक अक्षर, कंपोझिटर उभ्याने एकेक खिळा उचलून स्टिकमध्ये लावणार, सगळं मॅटर उलटं. मला आजही उलटा मजकूर सुलट्याइतकाच पटकन वाचता येतो, आता त्याचा काही उपयोग नाही. पण एक गंमत सांगतो, खान्देशात ग्रामपंचायतीचे निकाल छापायचे म्हणजे आमच्या कंपोझिटरच्या अंगावर काटा यायचा, कारण अर्धे निवडून आलेले पाटील आणि अर्धे पडलेलेही पाटील, मग केसमधले 'टी' संपायचे. मग कालचं मॅटर फोडून त्यातले 'टी' काढायचे, तेही संपले की काही लोकांना नुसतं 'पा.' करून टाकायचं. दुसऱ्या दिवशी तो पाटील हजर, बाकीच्यांचं आडनाव पूर्ण आणि माझं अर्धं का म्हणून. गावात पेपर म्हणजे काय हे मला तिथे पहिल्यांदा समजलं. लोक बातमी वाचतात ते ठीक आहे, पण त्याआधी आपलं नाव शोधतात, आणि ते कसं छापलंय ते बघतात.

आता पैशाचं. लोकांना वाटतं पेपर विकून पैसा येतो. साधा हिशेब करा. न्यूजप्रिंट साधारण ४५ जीएसएमचा (चौरस मीटरला ४५ ग्रॅम), चार पानी मोठ्या आकाराचा अंक वजनाला सतरा-अठरा ग्रॅम भरतो, म्हणजे किलोमागे पंचावन्नच्या आसपास अंक, त्यातही छपाईत वाया जाणारा वेगळा. त्यावर शाई, प्लेट, छपाई, गाडीभाडं किंवा एसटीचं पार्सल, एजंटचं कमिशन, आणि न खपलेले परत येणारे अंक जे शेवटी रद्दीच्या भावाने जातात. अंकाची किंमत कमिशन वजा जाता कागदाच्या खर्चालाही कशीबशी पुरते. साप्ताहिकाला एक बरं असतं, पोस्टाचं रजिस्ट्रेशन असेल तर ५० ग्रॅमच्या आतला अंक पंचवीस पैशांच्या तिकिटावर जायचा, आमचे सुरतेला आणि पुण्याला गेलेले गाववाले वर्गणीदार त्यावरच टिकले. काकांचं पोस्टाचं रजिस्ट्रेशन चालू आहे की रिन्यू करायचं राहिलंय ते आधी बघा.

मग पैसा कशाचा? ऐकायला बरं वाटणार नाही पण मयताचा. आपल्याकडे माणूस गेला की अंत्ययात्रेची बातमी, मग सांत्वनासाठीच्या द्वारदर्शनाची, मग सुतक संपल्याच्या गंधमुक्तीची, मग वर्षश्राद्धाला फोटो. ही जाहिरात रोख येते, कारण त्या वेळी कोणी भाव करत नाही आणि उधारही मागत नाही. दुसरी वकिलांची जाहीर नोटीस, अमुक गट नंबरची जमीन माझे पक्षकार घेत आहेत, कोणाची हरकत असल्यास इतक्या दिवसांत कळवावे. ही नोटीस कोणी वाचत नाही असं वाटतं ना, गावातले निम्मे भाऊबंदकीचे वाद आमच्या तिसऱ्या पानावरून सुरू झालेत. तीही रोख. आणि तिसरी पुढाऱ्यांच्या वाढदिवसाची, अर्धं पान, रंगीत, खाली पन्नास कार्यकर्त्यांची नावं. दिसायला सगळ्यात मोठी हीच, आणि वसुली सगळ्यात वाईट हिचीच. ज्याने दिली तो म्हणणार साहेबांना विचारा, साहेब म्हणणार मी कुठे सांगितली होती.

सरकारी जाहिरातींवर फार भिस्त ठेवू नका. त्यासाठी शासनाच्या यादीवर यावं लागतं, खपानुसार अ ब क वर्ग, अंक नियमित जिल्हा माहिती कार्यालयात जमा करायचे, दर ठरलेला, आणि बिल कधी येईल ते देवाला माहीत. मी पाहिलेत असे पेपर, यादीवर राहण्यापुरते अंक छापतात, गावात एकही दिसत नाही. तसा पेपर चालवायचा असेल तर मला विचारायची गरज नव्हती.

दिवस कसा जातो म्हणाल तर आमच्या दैनिकाच्या काळात तो रात्रीच सुरू व्हायचा. संध्याकाळी पाचला बातम्या यायला लागायच्या, रात्री बारा-साडेबाराला पान लागायचं, पहाटे चारला गठ्ठे बांधून स्टँडवर, पारोळा, चोपडा, शिरपूर, पहिल्या एसटीने जे गठ्ठे गेले ते गेले, चुकले तर त्या तालुक्यात दिवसभर आपण मेलेलो. त्या काळी ड्रायव्हर-कंडक्टर हेच आमचे खरे मालक होते असं समजा, दिवाळीला त्यांच्या घरी फराळ आधी जायचा, नातेवाईकांकडे नंतर. सकाळी साडेसहाला पहिला फोन, आणि तो शंभरातून नव्वद वेळा एकच, "भाऊ, मना फोटो काबरं उना नही?" (माझा फोटो का आला नाही?)

आणि मोठ्या शहरातल्या संपादकाला एक सोय असते जी आपल्याला नाही. तो ज्याच्याविरुद्ध लिहितो तो त्याला सहसा भेटत नाही. आपल्याकडे सकाळी ज्याच्याविरुद्ध छापलं तो संध्याकाळी लग्नात शेजारच्या पाटावर जेवायला. त्याच्या सुनेचं माहेर आपल्या मामाच्या गावचं. एकदा एका संस्थेच्या बातमीवरून माझ्यावर अब्रुनुकसानीची केस झाली, बातमी खरी होती, कागद हातात होते, तरी काही वर्षं तारखांना जात होतो, आणि फिर्यादी आणि मी एकाच टपरीवर चहा प्यायचो कारण कोर्टासमोर टपरी एकच. शेवटी आपसात मिटली. तुमचं नाव छापणारा, प्रकाशित करणारा आणि संपादक म्हणून अंकाच्या तळाला त्या बारीक ओळीत जातं ना, ती ओळ कोणी वाचत नाही पण समन्स तिच्यावरूनच निघतं. बातमी वार्ताहराने लिहिली असं म्हणून सुटता यायचं नाही, संपादक म्हणून ज्याचं नाव छापलंय त्याने ती निवडली असं तेव्हाचा कायदा धरून चालायचा.

बरं, यातून माणूस पुढारी कसा होतो. ठरवून होत नाही. प्रेसच्या दाराशी एक बाकडं होतं. नळाला पाणी नाही, रेशन कार्डावर नाव चढत नाही, पोराचा दाखला अडकला, अशी माणसं नगरपालिकेत जायच्या आधी त्या बाकड्यावर येऊन बसायची, कारण नगरपालिकेत त्यांना कोणी बसा म्हणायचं नाही. आम्ही दोन ओळी छापायचो, कधी नुसता मुख्याधिकाऱ्याला फोन करायचो की उद्या छापू का, काम व्हायचं. दहा वर्षं हे केल्यावर १९९१ला वॉर्डातले चार लोक म्हणाले उभे राहा, मी राहिलो.

निवडून कसा आलो ते खरं सांगतो. वडिलांचा एक नियम होता, गरिबाघरी मयत झाली तर अंत्ययात्रेच्या दोन ओळी फुकट. वॉर्डात असं घर क्वचितच असेल ज्याची दोन ओळींची बातमी कधी आमच्याकडे छापली गेली नव्हती. प्रचाराला मी ज्या दारात गेलो तिथे बाईने आतून ते पिवळं पडलेलं कात्रण आणून दाखवलं, असं तीन-चार घरांत तरी झालं. मला तेव्हा अभिमान वाटला. नंतर विचार केला तर थोडं लाजल्यासारखं झालं, कारण वडिलांनी ते मतांसाठी केलं नव्हतं आणि वटवलं मी.

आता तुम्ही म्हणाल की पेपरवाल्याने तटस्थ असावं, राजकारणात पडूच नये. हे पुस्तकात ठीक आहे. आपल्या खान्देशात पेपर आणि सार्वजनिक काम हे पहिल्यापासून एकाच घरात नांदलंय. १९३६च्या डिसेंबरात फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलं, नेहरू अध्यक्ष, आणि त्यानंतर दीड वर्षाच्या आत साने गुरुजींनी अमळनेरहून साप्ताहिक काढलं, १९३८ साली. त्याचं नाव काय होतं माहितीये? 'काँग्रेस'. लपवाछपवी काही नाही. वाचणाऱ्याला पहिल्या पानावरच कळत होतं की हा माणूस कुठे उभा राहून बोलतोय. तुम्हाला कुठला पक्ष आवडतो याच्याशी मला घेणं नाही, पण बाजू घेणं हा दोष नाही. दोष कुठे सुरू होतो तेच आता सांगतो.

नगरपालिकेत गेलं की पहिले सहा महिने काही कळत नाही. विषयपत्रिका येते, त्यात तीस-चाळीस विषय, भाषा अशी की मराठी असून कळू नये. खरा खेळ त्यात नसतो, तो असतो शेवटी, 'अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय'. सगळे जांभया देत असतात, कोणाची गाडी बाहेर चालू असते, तेव्हा तिथे एक ठराव वाचला जातो आणि मंजूर मंजूर असा आवाज येतो. मी पहिल्या टर्मला दोन वेळा असा मंजूर म्हणालोय ज्याचा अर्थ मला आठवड्याने कळला. एकदा तर त्यातला ठराव कलेक्टरने नगरपरिषद कायद्याच्या कलम ३०८ खाली तहकूब केला तेव्हा मी माझ्याच पेपरला बातमी म्हणून दिला, आणि मंजूर म्हणणाऱ्यांत मीही होतो हे त्यात लिहिलं नाही. तेव्हा ते माझ्या लक्षातही आलं नव्हतं हो, म्हणूनच सांगतोय.

मग पैशाचा प्रश्न. १९९९ला नगरपालिकांची जकात गेली. जकात लोकांना नको होती, नाक्यावरचे प्रकार सगळ्यांना माहीत होते, आम्हीच त्यावर कितीतरी लिहिलं होतं. पण ती गावाची स्वतःची कमाई होती, रोज संध्याकाळी गल्ला मोजला जायचा. ती गेली आणि पालिका सरकारच्या अनुदानाकडे डोळे लावून बसली, पगार निघाले की बास. रस्ता, गटार, पाइपलाइन, जे काही करायचं ते वरच्या योजनेतून, आणि योजना आली की तिच्यासोबत ठेकेदार वरूनच आला. नगरसेवकाच्या हातात काय राहिलं तर पाणी कोणत्या गल्लीला किती वाजता सोडायचं हे. हसू नका, उन्हाळ्यात पाच-सहा दिवसांआड नळ येतो त्या गावात यापेक्षा मोठी सत्ता नाही. व्हॉल्व्हमनला लोक आमदारापेक्षा जास्त ओळखतात.

आता मुद्द्यावर येतो. नगरपरिषदांचा १९६५चा कायदा आहे, त्यात नगरसेवकाचा पालिकेच्या कुठल्याही कंत्राटात हितसंबंध असला तर तो अपात्र ठरतो. प्रत्यक्ष असो की अप्रत्यक्ष. पण त्याला काही अपवाद आहेत, आणि त्यातला एक आपल्यासाठीच लिहिल्यासारखा आहे. ज्या वर्तमानपत्रात पालिकेच्या कामकाजासंबंधी जाहिरात छापली जाते त्यात नगरसेवकाचा हिस्सा असला तर तेवढ्यावरून तो अपात्र होत नाही. म्हणजे तुम्ही सभागृहात बसून टेंडर मंजूर करा आणि त्याची निविदा सूचना स्वतःच्या पेपरात छापून पालिकेला बिल लावा, कायद्याने चालतं. मला वकिलाने हे सांगितलं तेव्हा मी खूश झालो होतो. तुम्हालाही कोणीतरी सांगेल, म्हणून आधीच सांगून ठेवतो, कायदा इथे तुम्हाला सोडून देतो, वाचक सोडत नाही.

माझ्या दुसऱ्या टर्मची गोष्ट, १९९८ची. नव्या वस्तीत पाइपलाइन टाकायचं काम चाललं होतं. माझा वार्ताहर, सायकलवर फिरणारा एक पोरगा, त्याने काठी घेऊन चर मोजला. टेंडरात एक मीटर खोली, प्रत्यक्षात कुठे दोन फूट, कुठे दीड. त्याने बातमी लिहून आणली, फोटो काढले होते. ठेकेदार आमचा दिवाळी अंकाचा पूर्ण पानाचा जाहिरातदार, आणि ते काम मंजूर करणाऱ्या सभेत मी उपनगराध्यक्ष म्हणून वरच्या खुर्चीत. मला कोणी फोन केला नाही. कोणी धमकी दिली नाही, पाकीट दिलं नाही. सिनेमात दाखवतात तसं काही होत नाही. मी फक्त म्हणालो, ठेकेदाराची बाजू घेऊ, मग लावू. पोरगा बरं म्हणाला. ठेकेदार दोन दिवस भेटला नाही. मग गुरुवार आला, शुक्रवारी पुरवणी होती, मग शनिवारी जागा नव्हती.

पुढच्या आठवड्यात वाळूचा ट्रक त्या रस्त्याने गेला आणि पाइप फुटला. अख्ख्या गल्लीत चिखल, आणि ज्या दिवशी पाणी यायचं तोच दिवस. गावातल्या दुसऱ्या एका छोट्या साप्ताहिकाने खोलीच्या मापासकट छापलं. माप त्यांना कुठून मिळालं ते मी माझ्या वार्ताहराला विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही. महिन्याभराने तो जळगावला दुसरीकडे लागला, जाताना पाया पडून गेला, ते जास्त लागलं.

त्या साप्ताहिकात ते छापून आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या टपरीवाल्याने चहा देता देता म्हटलं, "भाऊ, काल पेपर दोनदा उलटापालटा करून पाह्यला, पाइपलाइन कुठं दिसली नाही." टोमणा नव्हता त्यात, म्हणजे नसावा. साधं विचारल्यासारखं विचारलं.

तेव्हा कळलं की हातचं काय गेलं. मी नगरसेवक व्हायच्या आधी लोक आमच्या पेपरात काय छापलंय ते वाचायचे. मी निवडून आल्यावर काय छापलं नाही ते वाचायला लागले होते. खप तितकाच होता, जाहिराती तितक्याच होत्या, वहीत काही फरक दिसत नव्हता. पण पाण्याच्या वेळापत्रकाची साधी चौकट छापली तरी लोक विचारायचे, त्या गल्लीला आधी का, तिथे भाऊंचे कोण राहतात. आणि खोटं वाटून घेऊ नका, कधी कधी खरंच कोणीतरी राहत असायचं.

राजीनामा द्यायचा विचार केला, दिला नाही, तेवढा मोठा मनाचा मी नाही. मग तीन गोष्टी केल्या. सभेची बातमी लिहिणाऱ्याला सांगितलं की मला दाखवायची नाही, फोनही करायचा नाही, सकाळी वाचीन. दुसरं, मोठ्या प्रत्येक ठरावाखाली कोणी कुठे हात वर केला ती नावं छापायची, माझ्यासकट, पूर्ण आडनावासकट (आता खिळे संपायची भीती नव्हती, संगणकावरचं डीटीपी आलं होतं). आणि तिसरं असं की दरवर्षी फेब्रुवारी संपला की मार्चच्या पहिल्या अंकात मालकीचं निवेदन छापावं लागायचं, फॉर्म ४, मालक कोण, प्रकाशक कोण, एक टक्क्याहून जास्त भांडवल कोणाचं, ते कोपऱ्यात छापून सगळे मोकळे होतात. त्याच्याच खाली मी एक चौकट टाकायला लागलो, यंदा नगरपालिकेकडून आपल्या पेपरला जाहिरातीचे इतके रुपये मिळाले. कोणी मागितलं नव्हतं.

याचा फायदा झाला का? पूर्ण नाही. हात वर केल्याची नावं यायला लागल्यावर काही मेंबर मतदानाच्या वेळी बरोबर चहा प्यायला बाहेर जायला लागले, मग आम्ही 'चहासाठी बाहेर' अशी तिसरी यादी सुरू केली. त्यावरून सभागृहात माझ्यावर निंदाव्यंजक ठराव आणायचं चाललं होतं, माझ्याच आघाडीच्या लोकांनी. एक ज्येष्ठ मेंबर मला भरीत पार्टीला शेतात घेऊन गेले, काड्यांवर वांगी भाजत होती, कळण्याच्या पुऱ्या, सगळा थाट, आणि म्हणाले, भाऊ घरातलं भांडण चव्हाट्यावर मांडू नये. मी म्हटलं अण्णा, चव्हाटा हाच माझा धंदा आहे. वांगी चांगली होती, संबंध बिघडले. २००१ला मी पडलो त्यात त्यांचा वाटा होता, आणि थोडा माझाही होता, मी पेपरात स्वतःचे फोटो जरा जास्तच छापले होते त्या दोन महिन्यांत. यादी छापणाराच माणूस निवडणूक आली की स्वतःचे फोटो छापतो, काय करणार.

पडल्यावर मात्र एक झालं, साधारण दोन वर्षांनी बाकड्यावर माणसं परत बसायला लागली. निवडून आलो होतो तेव्हा ती घरी यायची, चपला बाहेर काढून, हात जोडून. तो फरक मला आधी कळला नव्हता.

आता तुमच्यासाठी कामाचं. पेपर नावावर करायचा तर १८६७चा जुना छापखान्याचा कायदा आता गेला, २०२३चा नवा कायदा १ मार्च २०२४ पासून लागू आहे, आमच्यासारखं प्रांताधिकाऱ्याच्या दालनाबाहेर डिक्लरेशनसाठी (पेपर काढतोय अशा घोषणापत्रासाठी) ताटकळायचं काम राहिलं नाही, पोर्टलवर ऑनलाइन अर्ज होतो. पण शीर्षक काकांच्याच नावावर आहे ना, की कधीकाळी भागीदाराच्या, ते बघा. मध्ये अंक बंद पडले होते का तेही बघा, करोनात बऱ्याच जणांचे पडले, २०२०च्या एप्रिलमध्ये तर घरोघर पेपर टाकायलाच बंदी आली होती आणि त्या काळात सुटलेले वर्गणीदार आम्हाला अजून पूर्ण परत मिळाले नाहीत. पीडीएफ व्हॉट्सअॅपवर फुकट टाकायची सवय लावू नका, एकदा लागली की मोडत नाही. आम्ही लावली आणि पस्तावलो.

आणि एक पळवाट लोक तुम्हाला सुचवतील, उभं राहायच्या आधी पेपर बायकोच्या नावावर करून टाक. किंवा उलट, वॉर्ड महिला राखीव निघाला, आता निम्म्या जागा राखीव आहेत, तर वहिनींना उभं कर आणि पेपर तू चालव. करा, हरकत नाही, पण ते लपवण्यासाठी करू नका. गावाला माहीत असतं चूल कोणाची आणि भाकरी कोणाची. त्यापेक्षा पहिल्या पानावर लिहा की या पेपरचे मालक किंवा त्यांच्या पत्नी अमुक वॉर्डातून उभ्या आहेत, आणि प्रचाराच्या काळात स्वतःची जाहिरात इतरांच्याच दराने छापून बिल फाडा. मी हे केलं नाही, करायला हवं होतं.

माझं विचाराल तर आधी पेपर घ्या, पाच वर्षं नुसता पेपर चालवा, बाकडं ठेवा दाराशी, उभं राहायचं ते नंतर बघा. आधीच उभे राहिलात तर पेपर पत्रक होऊन जाईल आणि पत्रकाला मयताची जाहिरातसुद्धा कोणी देत नाही.

आणि काकांशी बोलायला बसाल तेव्हा खप, मशीन, वर्गणीदार हे सगळं नंतर विचारा. आधी उधारीची वही मागा. जुनी, लाल कापडाची असेल. त्यात कोणाकडे किती थकलंय ते वरपासून खालपर्यंत बघा, आणि मग गेल्या तीन-चार वर्षांचे अंक काढून त्या नावांच्या लोकांबद्दल त्यात काय छापलंय ते शोधा. ज्यांच्याकडे सगळ्यात जास्त थकलंय त्यांच्याविरुद्ध एक ओळही सापडली नाही, तर तुम्ही नक्की काय विकत घेताय ते तुम्हाला तिथेच कळेल, मग भाव त्या हिशेबाने करा.